साठ लिटरच्या समुद्राची कैफियत

मित्रांनो, मी एक समुद्र आहे.

साठ लिटरचा. त्यातूनही आठ लिटर वजा धरा, कारण मला काठोकाठ भरायचं नाही असं या घरात ठरलेलं आहे. शेजारीच टीव्ही आहे. तर मी एक जुनी काचेची टाकी आहे, गोल्डफिश ठेवायची. ज्या कारागिराने मला जोडलं, त्याने शेवटी माझ्या पुढच्या काचेवर एक कागद चिकटवला. त्यावर बाण होता आणि 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं. बाण जमिनीकडे होता. त्याला जेवायला जायची घाई होती. माझ्या आयुष्यातला हा पहिला धक्का. पुढच्या धक्क्यांच्या मानाने गुदगुल्याच म्हणायच्या.

मी ज्या घरी आले, तिथल्या आई इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. घरातही त्यांना सगळे सिस्टरबाईच म्हणत. बाबांची लाँड्री. मुलगी नऊ वर्षांची. तोंडाला खळ नसल्यामुळे तिचं नाव पडलं चिमणी. माशांसाठी तिने दोन वर्षं घर डोक्यावर घेतलं होतं.

मासेवाले काका म्हणाले होते, "टाकी साध्या पाण्याने विसळा, पाणी भरा आणि महिनाभर मुरू द्या. मग मासे न्या."

'महिनाभर' ऐकून चिमणीने असा काही चेहरा केला, की बाबांनी दोन मासे त्याच दिवशी आणले. सडपातळ होता तो इन्स्पेक्टर, कारण तो सारख्या फेऱ्या मारायचा. जाडा होता तो ढब्बू, कारण तो अजिबात मारत नसे.

आठवड्याभरात माझ्या काचांवर पुसट हिरवी झाक आली आणि पाणी गाळणाऱ्या पंपाचा स्पंज तपकिरी झाला. मला बरं वाटलं. उघड्याबोडक्या अंगावर कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं. रविवारी सकाळी ते सिस्टरबाईंना दिसलं.

"हे काय? माझ्या घरात?"

मित्रांनो, यांच्या थिएटरात मोठमोठे डॉक्टरही दार कोपराने ढकलून येतात. तिथे माझी काय कथा! मासे बादलीत गेले आणि मी मोरीत. ब्लीच, तारेची घासणी, उकळतं पाणी, पुन्हा ब्लीच. स्पंज कचऱ्यात. प्लॅस्टिकचं झाड बाबांनी डाग काढायच्या पावडरीत भिजवलं. हिरवं गेलं ते पिवळं होऊन आलं. (त्यांच्या लाँड्रीतून कपडेही असेच परत येतात, असं शेजारी म्हणतात.) मग नळाचं ताजं पाणी भरून मासे आत सोडले. मी इतकी लखलखत होते, की समोर काच आहे हे माशांनाही नाक आपटल्यावर कळत होतं.

संध्याकाळी इन्स्पेक्टरच्या फेऱ्या थांबल्या. तो पाण्यावर आडवा तरंगत होता.

चिमणी काहीच बोलली नाही. तिला गप्प असलेली या घराने कधी पाहिलीच नव्हती. बाबा इतके हादरले, की त्यांनी आधी तिचं कपाळ चाचपलं आणि मग माशाकडे पाहिलं. ढब्बू तोंड पाण्यावर काढून हवा गिळत होता.

बाबांनी फोन केला आणि मासेवाले काका धावत आले. वाकून माझा वास घेतला आणि मागे सरकले.

"ताई, ब्लीच?"

"तीनदा धुतलीय! अहो, एवढी स्वच्छ करूनही मासा मरतोच कसा?"

"एवढी स्वच्छ केलीत, म्हणूनच. ब्लीच आत राहिलं ते वेगळंच. पण त्या तपकिरी चिखलात जिवाणू असतात, ताई. माशाची घाण तेच पचवतात. तुम्ही नेमकं त्यांनाच मारलंत."

"मी वीस वर्षं ज्यांना मारतेय, ते?"

"त्यांच्यातले चांगले."

"चांगले?"

सिस्टरबाईंनी वळून कचऱ्याच्या डब्यातल्या स्पंजाकडे पाहिलं. चोर रोज येतात ते घर झाडून जायला, असं ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

काकांनी ढब्बूला दुकानातून आणलेल्या पाण्यात ठेवलं. मला वास जाईपर्यंत विसळलं आणि दुसऱ्या दिवशी, रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी भरून, आपल्या जुन्या टाकीतला एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज माझ्यात बसवला. "हा धुवायचा नाही. रोज अर्धी बादली पाणी काढा आणि तेवढंच रात्रभर ठेवलेलं पाणी घाला. बाकी महिनाभर टाकीला हात लावायचा नाही. लावलात, तर हा मासाही जाईल."

ढब्बूचा जीव आता सिस्टरबाईंच्या हातांत होता. त्या हातांनी काहीही करायचं नव्हतं. त्या रोज माझ्यासमोर हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. काचेवर झाक चढू लागली. नवव्या दिवशी एक हात पुढे आला.

"आई."

त्या रविवारनंतर चिमणी पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

"मी नुसती बघत होते गं."

"ब्रश घेऊन?"

"तोही बघत होता."

ब्रश परत गेला. बाराव्या दिवशी ढब्बू तळाशी उतरला, एक खडा तोंडात घोळवला आणि थूः करून टाकला. चिमणी ओरडली. तिची जी टकळी सुरू झाली, ती अजून चालूच आहे.

याला सहा वर्षं झाली. ढब्बू मुठीएवढा झालाय. पाहुणे आले की सिस्टरबाई माझी हिरवी काच दाखवून अभिमानाने सांगतात, "घासलेली नाही हं!" इन्स्पेक्टरचा विषय निघाला, की मात्र त्या उठून स्वयंपाकघरात जातात.

म्हणून सांगते, मित्रांनो, माया जरूर करा; पण ज्याच्यावर करता, त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि कधी कधी हात पाठीमागे ठेवा.

आता शेवटचं. ब्लीच, तारेची घासणी, उकळतं पाणी, या सगळ्यांतून माझ्या अंगावरची एकच वस्तू जशीच्या तशी वाचली. तो कागद. बाण अजून जमिनीकडेच आहे. मागच्या आठवड्यात एका पाहुण्या काकूंनी बराच वेळ मान वाकडी करून मला पाहिलं आणि हळूच विचारलं, "उलटी ठेवलीय का हो?"

तेवढा कागद कोणीतरी खरवडून काढा. कोरड्या नखानेच.