न उघडलेली कॅसेट

'मिठाची नवरी' हा सिनेमा चांगला आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. भूत झालेल्या नवरीच्या तोंडाला पीठ फासलंय ते सरळ दिसतं, आणि खलनायकाची मिशी दर प्रसंगात वेगळी असते. तरी त्या सिनेमापायी माझं अर्धं आयुष्य गेलं. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा त्या पीठवालीकडे जास्त बघतोस. आता बायको राहिली नाही, पीठवाली आहे.

काडिकॉयच्या एका जुन्या बाजार-गल्लीत, तळघरात, माझं दुकान आहे. पूर्वी व्हिडिओ कॅसेटींचं होतं. आता पुढे मोबाइलची कव्हरं विकतो आणि मागच्या खोलीत कॅसेटी जपतो. रविवारी दुपारी त्या खोलीत आमची मंडळी जमायची. सगळे निवृत्त, गुडघे दुखणारे, घरच्यांना नकोसे झालेले. चहा यायचा, सिमित म्हणजे तीळ लावलेले कड्यासारखे पाव यायचे, आणि मग एकच विषय: 'मिठाची नवरी'ची धड प्रत कधी निघणार.

धड प्रत नव्हतीच मुळी. सिनेमा पडला, निर्माता बुडाला, थिएटरातल्या प्रती चांदी काढायला वितळवल्या गेल्या. उरली ती जर्मनीत कामाला गेलेल्या आपल्या तुर्की लोकांसाठी काढलेली व्हिडिओ कॅसेट. देशात जेवढ्या म्हणून नकला फिरत होत्या, त्या सगळ्या एकाच माणसाच्या कॅसेटवरून केलेल्या होत्या. तो माणूस म्हणजे आमचे मुआम्मेर बे.

मुआम्मेर बे जर्मनीत डॉर्टमुंडला पोलादाच्या कारखान्यात होते. तिथल्या एका किराणा दुकानातून त्यांनी या कॅसेटचे दोन नग घेतले. एक बघायला, एक ठेवायला. आमच्यात हा धर्मच आहे. बघायची ती झिजते, गुंतते, एक दिवस मशीन तिला खाऊन टाकतं. ठेवायची ती प्लास्टिकच्या वेष्टणासकट कपाटात जाते आणि तिला कुणी बोट लावत नाही. त्यांची बघायची कॅसेट मशीनने केव्हाच खाल्ली होती. ठेवायची मात्र होती, मखमलीच्या कापडात गुंडाळलेली. बायरामच्या सणाला त्यांच्या घरी मिठाई खायला गेलं की कापड बाजूला करून दाखवायचे, लांबून. मी एकदा नुसता हात पुढे केला तर म्हणाले, "तुर्गुत, आधी साखरेचे हात धू." धुऊन आलो तोवर कपाट बंद.

सिनेमाच्या मध्यावर एक जागा आहे. नवरी रिकामा पाळणा घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभी राहते. अंधार, समुद्र, पाळणा, आणि मिनिटभर आवाजच नाही. लाटेचासुद्धा नाही. या जागेने सिनेमाला नाव मिळवून दिलं. एका प्राध्यापकाने त्यावर जाडजूड लेख लिहिला, की असं धाडसी मौन आपल्या सिनेमात दुसरं नाही. तो लेख आम्हाला तोंडपाठ होता. ती जागा आली की आम्ही पेल्यात चमचाही वाजू देत नसू.

आणि मग नेर्मिन आली.

एका रविवारी पन्नाशीची एक बाई पिशवी छातीशी धरून जिना उतरली. मी विचारलं, कुठल्या फोनचं कव्हर हवंय? ती म्हणाली, कव्हर नको, 'मिठाची नवरी' बघायचाय. आमच्याकडे बाया यायच्या त्या नवऱ्याला ओढून न्यायला. ही पहिलीच बघायला आलेली, म्हणून मी तिला हीटरजवळची खुर्ची दिली.

तिने सांगितलं ते असं. तिची आई, सुझान, आवाज भरायच्या स्टुडिओत कपडे शिवायची. तेव्हा आपल्याकडे सगळ्याच सिनेमांना आवाज मागाहून स्टुडिओत भरत. या सिनेमातल्या नटीला गाता येईना, म्हणून कुणीतरी सुझानला माइकपुढे उभं केलं आणि तिने एक अंगाई म्हटली. घरी नेर्मिनला झोपवताना म्हणायची, तीच. नेर्मिनला धड बोलता यायच्या आत सुझान वारली. मागे फोटो राहिले, शिवलेला एक कोट राहिला. आवाज या सिनेमात आहे, असं मावशीने मरताना सांगितलं होतं.

मी तिला समजावलं की या सिनेमात अंगाई नाही. मला पाठ आहे म्हटलं, उलटासुद्धा म्हणून दाखवतो. ती म्हणाली, लावा तरी. लावला. पाण्याची जागा आली तशी ती पडद्याकडे वाकली.

"आवाज वाढवा."

पूर्ण वाढवला. नुसती खरखर.

"मावशी खोटं बोलणारी नव्हती," ती म्हणाली. मुआम्मेर बे पेल्यात चमचा फिरवत होते. ते चहात साखर घेत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली, मला अबी, म्हणजे दादा, म्हणायला लागली. सिनेमा तिला अजिबात आवडायचा नाही. पीठवालीला बघून हसायची, आमच्या वादांकडे लक्ष द्यायची नाही, एका कडेला विणत बसायची. पण तिचा एक हिशेब होता. कॅसेट खराब आहे, आवाज मेलाय. कधीतरी कुणीतरी मूळ फिल्मवरून चांगली प्रत काढेल, आणि तिथे आई असेल. आम्ही चित्रासाठी थांबलो होतो, ती त्या एका मिनिटासाठी. अंकारातल्या एका कंपनीने डिस्क जाहीर केली तेव्हा तिने मिठाई आणली. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा ती पुढचा रविवार आली नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आली. वर्षं अशीच गेली. आमच्यातले दोघं त्या वाट बघण्यातच संपले.

गेल्या वर्षी एका रविवारी एज्गी नावाची पोरगी दुकानात आली. जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या इथल्याच एका छोट्या कंपनीची. एका बंद पडलेल्या लॅबच्या गोदामात त्यांना 'मिठाची नवरी'ची मूळ फिल्म सापडली होती, चित्र शाबूत, स्वच्छ. आवाजाची फिल्म मात्र वेगळी असते, ती सडून गेली होती. आवाज कॅसेटवरून घ्यावा लागेल, ती म्हणाली, सगळ्यांत चांगली कुणाकडे आहे?

सगळ्यांच्या माना मुआम्मेर बेंकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हातारा आजार काढणार. पण ते म्हणाले, "देतो." मग मान वर न करता म्हणाले, "तिथं अंगाई आहे, नेर्मिन हानम. मी पुसली."

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. त्या काळी लोक आपल्याकडून नक्कल घेऊन बाजारात विकायचे. म्हणून प्रत्येक नकलेत त्यांनी एक खूण ठेवली. जिथे कुणी बोलत नाही तिथला आवाज बंद केला, म्हणजे कुणी विकायला काढली तर माल आपलाच आहे हे कळावं. कुणीतरी बाई गात होती. कोण ते त्यांना कुठे ठाऊक होतं.

"मी आल्यावर ठाऊक झालं ना?" नेर्मिन म्हणाली.

"झालं."

"मग?"

"मग सील फोडावं लागलं असतं."

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतकी वर्षं त्या प्राध्यापकाचं मौन आम्ही देवासारखं पुजलं, आणि ते या माणसाच्या कंजूषपणाचं होतं. आणि हा शेजारी बसून सिमित चावत होता. नेर्मिनने विणकाम पिशवीत भरलं, उठली, आणि एवढंच म्हणाली, "फोडा."

एज्गीने बजावलं की घरी मशीनमध्ये घालू नका. इतकी जुनी पट्टी ओलसर होते, तिच्यावरचा थर सुटतो. आमच्याकडे आधी तिला मंद उबेत सुकवतील, मग एकदाच चालवतील. उद्या येऊन घेऊन जाते. मुआम्मेर बेंनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, ये म्हणून. गेलो. टेबलावर मखमलीचं कापड, फाडलेलं प्लास्टिक, आणि मशीनच्या तोंडातून पट्टी लोंबत होती. ती जागोजागी पारदर्शक झाली होती. त्यांच्या बोटांना तपकिरी भुकटी लागली होती, कॉफी सांडल्यासारखी.

"मला भीती वाटली," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात काय खरं राहिलंय, मला काय माहीत? नेर्मिनला परक्या माणसांसमोर बसवलं असतं, आणि तिथं काही निघालंच नसतं तर? म्हटलं, आधी आपण बघून घ्यावं."

"निघालं?"

"अख्खी अंगाई, तुर्गुत. शेजारच्या खोलीत बसून म्हणावी तशी. मधे एकदा ती हळूच नाक ओढते. सर्दी झाली होती तिला."

"मग हे काय?"

"मागे नेली," ते म्हणाले. "पुन्हा एकदा ऐकायला."

मागे नेताना ती चिकटली आणि थर निघून आला. एज्गीच्या माणसांनी खूप खटपट केली. सुरुवातीचा थोडा भाग मिळाला, मधला काही मिळाला नाही. उरलेला आवाज आमच्या खूणवाल्या नकलांवरून घेतला.

नेर्मिनला मी सांगितलं. तिने आकांत केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती 'बरं' म्हणाली. पुढच्या रविवारी आली ती खुर्ची ओढून मुआम्मेर बेंच्या समोर बसली.

"तुम्ही ऐकलीत ना? मग म्हणा."

भट्टीपुढे आयुष्य घालवलेला गळा तो. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटली. फाटका आवाज, पण चाल होती, शब्द होते, आणि मधे त्यांनी हळूच नाकही ओढलं. नेर्मिन हुंदके देत नव्हती, पण तिचं तोंड वाकडं झालं होतं. मी खिशातून फोन काढला. तिने माझा हात खाली दाबला.

"यांचा आवाज घेऊन मी काय करू, अबी? मला तिचा हवाय. यांच्या मागं कुठंतरी ती ऐकू येते का बघतेय."

मला तिचा राग आला. आजही आहे. फोन चालू ठेवला असता तर.

मग दर रविवारी हेच. चहाच्या आधी अंगाई. काही आठवड्यांनी माझ्या कानाला खटकलं. आधी ओळीचा शेवट वर जायचा, आता खाली येत होता. पुढे एका ओळीत 'माझं पाखरू' होतं तिथे 'माझं कोकरू' आलं. नाक कधी पहिल्या कडव्यात ओढलं जाई, कधी दुसऱ्यात. नकलेवरून नक्कल काढत गेलं की असंच होतं, आमच्याइतकं ते कुणाला माहीत? मी गप्प बसलो. नेर्मिनही गप्प बसायची, पण म्हणून झालं की त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

डिस्क जानेवारीत आली. रविवारी सगळे जमले, आम्ही मोठा पडदा भाड्याने आणला होता. चित्र असं की नवरीच्या ओढणीतल्या टाचण्या मोजाव्यात. समुद्र खरोखर निळा होता, आम्ही जन्मभर त्याला करडा समजत होतो. म्हातारे डोळे पुसत होते. डिस्कसोबत एक पुस्तिका होती आणि तिच्यात प्राध्यापकांचा तोच लेख. एज्गीने त्यांना अंगाईचं सगळं कळवलं होतं म्हणे. त्यांनी उलट कळवलं की आता ते मौन हाच सिनेमाचा इतिहास आहे.

पाण्याची जागा आली. मुआम्मेर बेंनी त्यासाठीच नवा शर्ट घातला होता. त्यांनी पेला खाली ठेवला, घसा साफ केला, ताठ बसले. नेर्मिनने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "दर वेळी बदलतेय ती. आता जेवढी उरलीय तेवढी राहू दे."

त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. पडद्यावर पाळणा हलत होता आणि खोलीत काहीच नव्हतं. पूर्वी निदान खरखर असायची, ती एज्गीच्या माणसांनी काढून टाकली होती.

त्यानंतर तिने त्यांना कधी गायला सांगितलं नाही, आणि त्यांनीही स्वतःहून विचारलं नाही. रविवारी येत, चहा घेत, जात. फेब्रुवारीत बर्फ पडलं त्या आठवड्यात ते गेले, झोपेतच.

दफन आटोपून आम्ही कब्रस्तानाच्या फाटकापाशी बसची वाट बघत होतो. नेर्मिन माझ्याजवळ आली.

"तुर्गुत अबी, माझ्या डोक्यात त्या सगळ्या एकात एक मिसळल्यात. खरी कुठली ते कळत नाही. पहिल्या रविवारची तुम्हाला आठवते का?"

मी तोंड उघडलं, तशी तिने घाईने हात वर केला.

"म्हणू नका. नुसतं आठवते का तेवढं सांगा."

"आठवते," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने पिशवी छातीशी धरली. मला एकही ओळ धड आठवत नव्हती. तेवढ्यात बस आली आणि मी तिला खिडकीजवळची जागा दिली.