सत्तावीस अंशाला सोळा ग्रॅम

दुपारी परीक्षेला निघताना लेकीच्या, ठकीच्या, काखेतला थर्मामीटर अडतीस अंश दाखवत होता. तिचा पाय निघेना. "जा गं बाई, मी तीन पोरं वाढवलीत," म्हणत सासूबाईंनी तिला जवळजवळ ढकललंच. प्रयोगशाळा सहायकाची जागा एकच, आणि बाळंतपणानंतर दीड वर्षानं आलेली ही पहिली संधी. वीस प्रश्न, एक तास. बारा बरोबर आले तर लगेच प्रात्यक्षिक, नाहीतर घर.

फोन बंद करून पिशवीत, पिशवी दाराशी. मोलचे पहिले सात प्रश्न तिनं भराभर उरकले. ग्रॅमला रेणूच्या वस्तुमानानं भागायचं, झालं. हात चालत होता, डोकं घरी होतं.

आठवा प्रश्न : सोळा ग्रॅम ऑक्सिजन, सत्तावीस अंश सेल्सिअस, एक वातावरण दाब. आकारमान किती लिटर? ऑक्सिजनच्या रेणूत अणू दोन, म्हणून बत्तीसनं भागून अर्धा मोल. इथेच बरेच जण आपटतात, ती नाही आपटली. गुणाकार झाला. उत्तर १२.७७. पर्याय होते ११.२, १२.३, २२.४ आणि २४.६.

जवळचं म्हणून १२.३ वर खूण करून मोकळं व्हावं? मन धजेना. पुन्हा गुणलं, पुन्हा तेच. मग कच्ची आकडेमोड वरपासून बोटानं वाचली. तापमानापुढे स्वच्छ लिहिलं होतं : २७३ + ३८ = ३११.

ऑक्सिजनला तिनं पोरीचा ताप चढवला होता.

खोडून २७३ + २७, तीनशे घातले, १२.३ आलं. पण आता मागच्या सातांवरचाही भरवसा उडाला. आणखी कुठे कुठे ठकी शिरली असेल?

तिनं पर्यवेक्षक बाईंना विचारलं, "एकच फोन करू? मुलगी आजारी आहे."

"करा की. पेपर मात्र इथे ठेवून जायचं, परत मिळणार नाही."

ती अर्धी उठली होती. तशीच खाली बसली. आता प्रश्नातला प्रत्येक आकडा ती पुटपुटत उतरवायला लागली.

"अहो ताई, मनात!" शेजारचा वैतागला.

तिनं ओठ मिटले, बोट मात्र आकड्यावरून हलवलं नाही. सोडियमच्या धन आयनात इलेक्ट्रॉन किती? अकरातला एक गेला, दहा. घंटा झाली तेव्हा तीन प्रश्न कोरेच होते.

बाहेर येऊन आधी फोन लावला. "आई, ताप?"

"एकोणचाळीसला टेकलाय. डॉक्टरकडेच निघालेय, रिक्षात आहे. तुझं काय झालं?"

"कुणास ठाऊक. मी येते."

"येऊन काय फुंकर घालणार आहेस? आधी यादी बघ!"

अर्ध्या तासानं यादी दाराला लागली. गर्दीत घुसून तिनं स्वतःचा क्रमांक शोधला, एक्केचाळीस. पुढे तेरा.

पर्यवेक्षक बाईंनी पांढरा कोट पुढे केला.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"तुमच्या हातावर आहे. एक थेंब जास्त पडला की रंग गडद. मग सगळं पहिल्यापासून."

तिनं कोट चढवला. बटण भलत्याच काजात गेलं. ते काढून नीट लावलं, दोन्ही हात कोटालाच पुसले आणि थेंब सोडायची काचनळी, ब्युरेट, धुवायला घेतली.