सर्वज्ञांचा एकच प्रश्न

भर दुपारी तारे बघायला जाते, असं मी सांगितलं तेव्हा शेजारणीने लगोलग माझ्या बहिणीला फोन लावला. तिची काही चूक नाही. नवरा जाऊन वर्ष झालेलं, बाई एकटी, आणि दर मंगळवारी जेवण उरकून तारे बघायला निघते म्हटल्यावर कुणालाही काळजी वाटेल. पण मी जाते ती तारांगणात. गोल घुमट, मागे रेलणाऱ्या खुर्च्या, दिवे मालवले की डोक्यावर आकाश, आणि त्या आकाशात आमच्या ह्यांचा आवाज. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा ऐन उमेदीत त्यांनी या कार्यक्रमाला आवाज दिला होता. तेच ध्वनिमुद्रण अजून चालतं. हल्ली घर खायला उठतं. तारांगणात निदान कुणीतरी बोलत असतं.

तेही कोण, तर आमचे सर्वज्ञ. हे नाव मी ठेवलेलं, मनातल्या मनात. ह्यांना जगातली प्रत्येक गोष्ट माहीत. ताऱ्यांमध्ये निळा सगळ्यात तापलेला आणि तांबडा त्यामानाने थंड, त्यामुळे बेसिनच्या नळांवरचे ठिपके उलटे लावलेत, अशी त्यांनी प्लंबरशी हुज्जत घातली. शेवटी ठिपके बदलून घेतले तेव्हाच गप्प बसले. तेव्हापासून आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी हात भाजून घेतो.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला सांगितलं पुष्कळ, विचारलं काहीच नाही. पडदे कुठले घ्यायचे, सुट्टीत कुठे जायचं, डॉक्टर कुठला गाठायचा, सगळ्याची उत्तरं तयार. उत्तर खिशात असलेला माणूस प्रश्न कशाला विचारेल? मला याचा राग यायचा आणि तो मी गिळायचे.

म्हणून कार्यक्रमातली एक जागा माझी लाडकी. आधी सूर्य येतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे आपण बघतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. मग वायू आणि धुळीचा ढग येतो, त्यात तारा जन्मतो. मोठा तारा उधळ्या, भराभर इंधन उडवून फुटतो. छोटा चिकट, मिणमिणत युगानुयुगं काढतो. आपला सूर्य मधला. म्हातारपणी तो फुगून तांबडा होणार, जवळचे ग्रह गिळणार, मग आक्रसून इवलासा पांढरा होणार आणि हळूहळू निवत जाणार. हे सगळं ते अशा थाटात सांगतात की जणू प्रत्येक ताऱ्याच्या जन्ममरणाला स्वतः हजर होते. आणि मग आवाज एकदम खाली येतो. "या ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरत असतील का? आपल्याला माहीत नाही."

आमचे सर्वज्ञ म्हणतात, माहीत नाही! तेवढ्यासाठी मी तिकीट काढते. अंधारात कुणी बघत नाही, मी खुशाल हसते. कधीकधी रडूही येतं.

हल्ली मात्र त्या वाक्याला शाळेची मुलं हसायला लागली होती. एक मुलगी तर मोठ्याने म्हणाली, "आहेत की, हजारो सापडलेत." तिच्या बाईंनी तिला दटावलं, पण पोर खरं तेच बोलत होती. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा खरोखर कुणालाच माहीत नव्हतं. पुढे ग्रह सापडू लागले. ताऱ्याचा प्रकाश ठराविक काळाने किंचित मंदावत असेल, तर समोरून ग्रह जात असावा, हे मला ह्यांनीच चहा गार होईपर्यंत समजावलं होतं. वाक्य बदला म्हणून ते हात धुऊन तारांगणाच्या मागे लागले. माझ्या तोंडून रोज चूक वदवताय, म्हणायचे. ऑफिस म्हणायचं, बघू. ऑफिसने बघेपर्यंत घशाच्या आजाराने ह्यांचा आवाज गेला आणि पाठोपाठ हेही गेले.

मग एके दिवशी तारांगणाच्या संचालिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या अगदी अदबीने बोलल्या. चुकीचं वाक्य आता ठेवता येणार नाही, एक तर सगळा कार्यक्रम नव्या आवाजात करायचा, नाहीतर तेवढं एक वाक्य बदलायचं. जुन्या ध्वनिमुद्रणावरून संगणक ह्यांच्याच आवाजात नवं वाक्य बोलू शकतो, फक्त माझी परवानगी हवी. मी नाही म्हटलं आणि उठले.

घरी आल्यावर स्वतःशीच भांडत बसले. ह्यांना चूक खपायची नाही, स्वतःची तर मुळीच नाही. मी हट्ट धरला तर मुलं ह्यांना हसत राहणार. हो म्हटलं तर ह्यांच्या तोंडचा एकुलता एक प्रश्न जाणार, आणि मग माझ्यासाठी उरलं काय? दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन सही करून आले.

वाक्य तयार झाल्यावर पुन्हा बोलावणं आलं. आवाजाचं काम बघणारे गृहस्थ ह्यांच्या जुन्या ओळखीतले, गळ्यात कायम हेडफोन, मला वहिनी म्हणतात. त्यांच्या कोंदट खोलीत ते, संचालिकाबाई आणि मी असे तिघं बसलो. ते म्हणाले, आवाज सरांचा वाटतो का तेवढं सांगा, तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि त्यांनी वाक्य लावलं.

"या ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात. आजवर असे हजारो ग्रह सापडले आहेत."

हुबेहूब. प्लंबरला सुनावताना होता तोच ठाम सूर. हेच ते, घरात असेच बोलायचे, असं मी म्हटलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

माझा चेहरा उतरला असावा. आवाजवाले भाऊजी जरा चाचरत म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी एखादं वाक्य करून देऊ? सरांच्या आवाजात. काहीही सांगा." बाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. असलं खोटं मला नको, असं म्हणून मी उठायला हवं होतं. पण एवढं बळ माझ्यात नव्हतं.

"प्रश्न चालेल?" मी विचारलं.

चालेल की, ते म्हणाले. मी सांगितलं, त्यांनी टाइप केलं. थोडा वेळ गेला आणि त्या कोंदट खोलीत आमचे हे म्हणाले, "तुला काय वाटतं?"

ते बोलले नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी उत्तर दिलं. म्हटलं, तुम्ही पसंत केलेलं आपलं घर मला पहिल्यापासून आवडलं नाही, सगळ्या खिडक्या भलत्याच बाजूला. तुमचा आवाज गेल्यावर मी बोलायला हवं होतं, पण तेव्हाही तुम्हीच काहीतरी बोलाल म्हणून वाट बघत बसले. म्हटलं, स्वयंपाक अजून दोघांचा होतो. संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकणं जिवावर येतं. आणि मला तुमचा फार राग आलाय, फार.

बाई मध्येच कधी उठून बाहेर गेल्या, कळलंही नाही. मी दम घ्यायला थांबले. भाऊजींना वाटलं संपलं. त्यांनी डोळे पुसले, हात बटणाकडे नेला आणि विचारलं, "पुन्हा लावू का?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "माझं बोलून व्हायचंय."