देव्हाऱ्यातला रशियन जवान

कुंडलमध्ये मला 'रशियाचा जावई' म्हणतात. म्हणोत बापडे! फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि लोक ज्या वयात सोसायटीची निवडणूक लढवतात, त्या वयात मी सोव्हिएत लष्करी पदकं जमवायला लागलो.

त्यातलं सगळ्यात दुर्मीळ म्हणजे तांबड्या ताऱ्याचं पदक, अगदी सुरुवातीच्या काळात घडवलेलं. लाल मीनाकामाचा तारा, मधोमध चांदीचा जवान, अंगात लांब कोट, हातात बंदूक. त्याच्या बदल्यात शिरवळच्या एका संग्राहकाला मी माझी चांगली चांगली पदकं देऊन बसलो, पण संच पुरा झाला. सांगलीत विश्रामबागला जुन्या पदकांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मधली काचपेटी माझी ठरली होती. माझ्या खुळाला पहिल्यांदाच कुणी मान देणार होतं.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि ट्रंक उघडली, तर तारा गायब!

सापडला देव्हाऱ्यात. खंडोबा-जोतिबाच्या चांदीच्या टाकांशेजारी, हळदीकुंकवानं माखलेला. माझं डोकंच फिरलं.

"मनू, ह्ये काय केलंस?"

माझी बायको मनुबाई वाती वळत होती. "आवं, खंडेनवमीला तुमचं समदं पूजेला काडलं, तवा दिसला. बंदूक घिऊन हुबा हाय. मला वाटलं, वीराचा टाक हाय. म्हनलं, आपला मानसिंगच."

मानसिंग तिचा धाकटा भाऊ, फौजेत होता, सीमेवर लढताना गेला. लढाईत गेलेल्याचा चांदीचा टाक घडवून देवांशेजारी पुजायची रीत, पण बिनलग्नाचा म्हणून माहेरच्या भावकीनं त्याचा टाक घडवू दिला नव्हता.

"अगं, रशियन हाय त्यो."

"असंल. त्येच्या बी भनीनं वाट बगितलीच असंल की."

माझा राग जागच्या जागी विरला.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनवाले चिंतामणराव संच तपासायला आले. देव्हाऱ्यातला तारा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"सुभेदार, हे आधी स्वच्छ करून पेटीत ठेवा. लोक हसतील हो! आणि ताऱ्याशिवाय मधली काचपेटी मिळायची नाही."

मनू देव्हाऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"नगं मिळू दे," मी म्हणालो. "लोकं माज्यावर हसून हसून दमली. त्यो जवान हितनं हलनार न्हाई."

प्रदर्शनात मला दाराजवळचा कोपरा मिळाला, चपलांच्या शेजारी. मी पदकं मांडली, ताऱ्याची जागा रिकामी ठेवली आणि खाली ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली: 'जवान मानसिंग. कुंडलला ड्यूटीवर.'

मनूनं ती वाचली. पदर सावरला आणि भर गर्दीत त्या रिकाम्या जागेला हात जोडले.

चिंतामणराव लगबगीनं आले. "सुभेदार, ती चिठ्ठी काढा बघू."

मी तोंड उघडायच्या आत मनू वळली.

"काडून तर बगा," ती म्हणाली.