डाव्या पिळाची बाही

ताकी गेल्याचे कळले तेव्हा तोकुझो मेंढीचे खूर कापत होता. सहकारी संघातला ओगावारा बर्फातून स्कीवर आला, गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "इस्पितळातून फोन आला होता."

"किती वाजता?" तोकुझोने विचारले.

"दहाला पाच कमी असताना."

मेंढी तोकुझोच्या गुडघ्यांत धरलेली होती. तीन खूर कापून झाले होते, चौथा राहिला होता. असे अर्धवट सोडले की मेंढी लंगडते. त्याने चौथाही कापला, मेंढीला उभे केले, सुरी पुसली आणि मग टोपी घेतली. ओगावाराने नंतर गावभर सांगितले की तोकुझो म्हणजे दगड आहे. गावाला ते नवीन नव्हते.

आदल्या रविवारी तो शहरातल्या इस्पितळात जाऊन बायकोला भेटून आला होता. ती म्हणाली होती, "अहो, तुमच्या स्वेटरची उजवी बाही कोपरापर्यंत झालीय. सूत संपलं. लोकर माळ्यावर आहे. कुणाकडून तरी पुरी करून घ्या." तो "बरं" म्हणाला होता. एकतीस वर्षांच्या संसारातले हे शेवटचे बोलणे.

होक्काइडोच्या त्या भागात जानेवारीत थडगी बर्फाखाली असतात. मठातले गुरुजी म्हणाले, अस्थी आता घरातच ठेवा, बर्फ वितळले की मे महिन्यात थडग्यात ठेवू. अस्थींची पांढरी पेटी घरातल्या देव्हाऱ्यापुढे राहिली. तोकुझो रोज सकाळी तिच्यापुढे भात आणि चहा ठेवायचा आणि रोज सकाळी त्याला स्वेटर दिसायचा, कारण त्याने तो पेटीशेजारीच ठेवला होता. पेटी उचलून थडग्याकडे न्यायची त्या दिवशी स्वेटर अंगात असला पाहिजे, दोन्ही बाह्यांसकट, असे त्याने ठरवले. ताकीने "कुणाकडून तरी" म्हटले होते. विणणे त्याला येत नव्हते. पण सूत आपणच काढायचे, असे त्याच्या मनाने घेतले. आईला सूत काढताना त्याने लहानपणी पुष्कळ पाहिले होते. त्यात अवघड असे काही दिसले नव्हते.

चरखा स्वयंपाकघरात खिडकीजवळ होता. तोकुझो बसला तर दांडा उलट्या बाजूला. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात ताकीने त्याला दांडा काढून पलीकडून बसवायला लावला होता. का, असे विचारल्यावर म्हणाली होती, "उजेड या बाजूने येतो." त्याने शिव्या घालत बसवून दिला होता. आता त्याने हातोडीने दांडा ठोकून काढला आणि आईच्या वेळी होता तसा, उजव्या हाताला येईल असा लावला.

पहिल्या आठवड्यात निघाले ते मेंढी बांधायच्या कामाचे होते. दुसऱ्या आठवड्यात सूत इतके बारीक झाले की बघताबघता तुटायचे. विंचरलेल्या लोकरीचे पेळू हातात भुगा व्हायचे. तिसऱ्या आठवड्यात चातीवर सुतासारखे काहीतरी जमायला लागले. फेब्रुवारीच्या शेवटी त्याने तीन लडी आणि स्वेटर फडक्यात बांधले आणि ओकिमी मावशीकडे गेला.

ओकिमी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गावातल्या निम्म्या सोयरिकी तिने जुळवलेल्या, तोकुझोची धरून. विणकामात अजून तिचा हात धरणारे कुणी नव्हते.

"दुकानात परदेशी लोकरीचे गुंडे मिळतात आता," ती म्हणाली. "अख्ख्या गावात मेंढ्या उरल्यात अकरा. आणि तू या वयात चरखा घेऊन बसलास?"

"बाही आहे. घरच्या लोकरीची पाहिजे."

तिने चहा आणि खारवलेला मुळा पुढे ठेवला. मग त्याचे सूत आणि स्वेटरचे लोंबते टोक शेजारी शेजारी धरून दोन्ही हातांच्या बोटांनी उलगडून पाहिले.

"हे नाही चालायचं."

"जाड झालंय का?"

"जाड, बारीक, सगळंच झालंय. ते मी सांभाळून घेईन. पण तुझा पीळ उजवा आहे, तिचा डावा. कोपरापर्यंत बाही एकीकडे वळेल आणि खाली दुसरीकडे. हात पिळून काढल्यासारखा दिसेल."

"डावा पीळ देवळाच्या दोराला देतात. ताकी कशाला देईल?"

"डावखुऱ्या बाईच्या हातून डावाच पडतो."

"कोण डावखुरी?"

ओकिमी मावशीने चहाचा पेला खाली ठेवला. "थट्टा करतोस?"

"नाही."

"एकतीस वर्षं समोर बसून जेवलास ना रे?"

"उजव्या हाताने जेवायची."

"तुझ्यासमोर."

तोकुझोने मुळ्याची फोड तोंडात टाकली आणि ती पूर्ण चावून झाल्यावर विचारले, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"त्यापेक्षा कुणाला माहीत नाही ते विचार. ओगावाराला माहीत आहे. गुरुजींना माहीत आहे. तुझ्या आईला तर पहिल्या आठवड्यात कळलं. तिनेच सुनेला सांगितलं, माझी हरकत नाही, पण तो घरात असला की उजवा वापर."

"आईने मला का नाही सांगितलं?"

"कारण तू सांगून ठेवलं होतंस. सोयरीक घेऊन मीच आले होते. विचारलं, बाबा, मुलगी कशी पाहिजे? तर म्हणालास, कशीही चालेल, फक्त डावखुरी नको. घरातले विळे सगळे उजव्या हाताचे आहेत."

"मी असं म्हणालो?"

"तुझी आई आणि मी पोट धरून हसलो. मी जाऊन ताकीला सांगितलं तेव्हा तीही हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, चालेल, कापीन उजव्याने."

"गंमत केली असेल मी."

"असेल. तुझ्या तोंडाकडे बघून कधी कुणाला कळलंय? तुझ्या मेंढीला बरं म्हणायचं, तिच्या तोंडावर तरी काही उमटतं."

तोकुझो लडी घेऊन घरी आला. घरात न जाता आधी अवजारांच्या खोलीत गेला. भिंतीला पाच विळे टांगलेले होते. त्यांतल्या एकाने त्याला कधीच धड कापता आले नव्हते. तो विळा त्याने दोनदा लोहाराकडे परत पाठवला होता आणि लोहाराला नको ते बोलला होता. आता त्याने तो उजेडात धरून पाहिला. पात्याची धार दुसऱ्या अंगाने घासलेली होती. घरच्याच दगडावर, हळूहळू, बऱ्याच वर्षांत. त्याने विळा डाव्या हातात घेतला आणि वाळक्या गवताच्या पेंढीला लावला. पेंढी सरळ कापली गेली. त्याने आणखी एक कापली. मग गरज नसताना सगळ्या कापल्या.

घरात येऊन त्याने हातोडी घेतली, चरख्याचा दांडा काढला आणि पुन्हा पलीकडून बसवला.

एप्रिलमध्ये छपरावरचे बर्फ घसरून पडू लागले तेव्हा ओकिमी मावशी काठी टेकत आली. तोकुझो चरख्याच्या डाव्या अंगाला बसला होता. डाव्या हाताने दांडा अडखळत फिरवत होता, उजव्या हातातल्या पेळूतून निघणारे सूत दर दोन वितींवर तुटत होते.

"अरे खुळ्या," ती दारातूनच म्हणाली, "उजव्या हाताने चाक उलटं फिरवलंस तरी हाच पीळ येतो. आठवड्यात बाही पुरी झाली असती."

"माहीत आहे."

"मग हे काय चाललंय?"

"उजेड या बाजूने येतो," तोकुझो म्हणाला.

जे काही सूत झाले होते ते ओकिमी मावशीने फडक्यात बांधून नेले. जाताना पेटीसमोर उभी राहिली, हात जोडले आणि पेटीला म्हणाली, "ऐकलंस ना?"

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी थडगे उघडले. तोकुझोने स्वेटर घातला होता, वरून काळा कोट. गुरुजींचे मंत्र झाले, पेटी आत गेली, ओगावाराने दगड लावायला हात दिला. कोटामुळे कुणाला काही दिसले नाही. फक्त उदबत्ती लावताना तोकुझोने डावा हात पुढे केला तेव्हा गुरुजींनी एकदा वर पाहिले.

कोपराखाली चार बोटे विणून झाली आहेत. तिथून मनगटापर्यंतची बाही अजून राहिली आहे.