चिंचेनं उजळलेले पेच

धुळाजीचं वागणं भिवराबाईंना सोसत नव्हतं. गेवराईच्या बाजाराला जाता-येता तो त्यांच्या ओसरीसमोरून जायचा, पण रामराम नाही की मान वर करणं नाही. "पोती वाहणाऱ्या हमालाला येवढा कसला रुबाब गं?" त्या सुनेला, सत्यभामेला म्हणायच्या. सून भाकरी थापत राहायची. धुळाजी हमाल कशानं झाला, हे त्या घरात दोघींनाच ठाऊक होतं.

दसऱ्याआधी तो बिजलीघराचा तारवाला होता. त्यांच्या ओसरीवर मीटर त्यानंच बसवलं. खालचं झाकण उघडून त्यानं पितळेच्या चार खोबणी दाखवल्या. "दोन तारा बाहेरून येत्यात, दोन घरात जात्यात. तार खोबणीत नुसती टेकून भागत न्हाई, आईसाहेब. पेचानं करकचून आवळावी लागती. सैल राहिली की तापती, तापली की जळती." सील ठोकणारा कारकून दसऱ्यानंतर यायचा होता. तोवर झाकणाला हात लावू नका, असंही तो बजावून गेला. भिवराबाईंनी ऐकलं ते अर्धंच.

खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं अवजार उजळून पूजायचं, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. नांगराचा फाळ झाला, कोयते झाले, अडकित्तासुद्धा झाला; मग मीटर तेवढं पारोसं कसं ठेवायचं? बिजली दिवेलागणीलाच यायची, म्हणून दिवसा भीती नव्हती. त्यांनी चारही पेच काढले, चिंचेनं लख्ख घासले आणि बोटांनीच फिरवून परत बसवले. वर हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याच्या सांजेला तहसीलदारसाहेब जेवायला आले आणि पहिल्याच घासाला दिवे फडफडले. मीटरमधून जळका वास सुटला, घरभर अंधार. धुळाजी धावत आला, कंदिलाच्या उजेडात त्यानं झाकण उघडलं. भिवराबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "हाताला वळण न्हाई आन् लोकांची घरं जाळाया निघालास व्हय रे?"

"म्या आवळले व्हते, आईसाहेब," एवढंच तो म्हणाला. तहसीलदारांच्या एका शब्दावर त्याची नोकरी गेली.

नवा तारवाला रामहरी दुसऱ्या दिवशी आला. "पेच कुणीतरी हातानं लावल्यात. आट्यांत चिंचेचा चोथा हाय. कुणी केलं?"

सत्यभामेनं सासूकडं पाहिलं.

"कुणाला ठावं," भिवराबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागला नाही.

संक्रांतीच्या बाजारी धुळाजी सरकीचं पोतं घेऊन चालला होता. भिवराबाई ओसरी उतरून भर रस्त्यात उभ्या राहिल्या.

"थांब. पेच म्या काढले व्हते. चिंच म्याच लावली."

बाजारकरी जागीच थबकले. धुळाजीनं पोतं उतरवलं, घाम पुसला.

"म्हाईत हाय, आईसाहेब. झाकण उघडलं तवाच चिंचेचा वास आलता."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमच्यापुढं बोलून आजवर कुणाचं भलं झालंय?"

धुळाजीला परत घ्या, असा निरोप भिवराबाईंनी बिजलीघरात कालच धाडला होता. जागा भरली, आता काही होणार नाही, असं उत्तर आलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"तुज्या हातात खोट न्हाई, धुळाजी. कसूर सगळा माझा. पर त्या सांजेला गप बसलास, हे लई वाईट केलंस. तोंडावर बोलला असतास, तर म्या तवाच खरं बोलले असते... न्हाई, तवाबी नसते बोलले."