कुलपातलं हळदकुंकू

मी एक जुना संगणक आहे. जुना तो वयानं, कामानं नव्हे. काम मला कुणी करूच दिलं नाही, मित्रांनो, म्हणून माझं बोलणं जरा कडू लागेल.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात माझे भाग जोडले. निवडणुकीच्या तोंडावर एका पुढाऱ्यानं मला लालबागच्या चाळीला भेट दिलं. ‘गिरणी कामगारांची मुलं आता संगणक शिकणार!’ असं दणदणीत भाषण झालं, ढोल वाजले. मग मला मंडळाच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. किल्ली अध्यक्षांच्या, जयवंतरावांच्या कमरेला.

मुलं दाराच्या फटीतून मला बघून जायची. “पोरं वाट लावतील त्याची,” जयवंतराव म्हणायचे. केवढी ती माझी काळजी!

त्याच चाळीत कुशाबा राहायचा. गिरणीत तो साच्यावर कापड विणायचा. संपात नोकरी गेली ती गेलीच; मग दादरच्या भाजीबाजारात पोती उचलू लागला. त्याची मुलगी कमल बारावी झाली होती. दादरच्या एका कापडदुकानात बिलं करायला मुलगी हवी होती. संगणक चालवून दाखवला की नोकरी पक्की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं होतं, आणि संगणकाला तिनं आयुष्यात हात लावला नव्हता.

“काका, अर्धा तास तरी बसू द्या ना,” ती जयवंतरावांच्या दारात जाऊन म्हणायची.

“बघू गं. दसऱ्याला खोली उघडायचीच आहे, तेव्हा बस.”

दसऱ्याला खोली उघडली. मला पुसलं, झेंडूचा हार घातला, माथ्यावर हळदकुंकू लावलं. आरती झाली. कमल खुर्ची ओढून बसली, हात पुढे केला. मला तर हरखून गेल्यासारखं झालं. तेवढ्यात कुशाबानं तिचं मनगट धरलं.

“आज नाय, कमल! पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. गिरणीत आम्ही कधी लावला नाय.”

“बाबा, उद्या मला बोलावलंय!”

“मग उद्या सकाळी बस की.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. जयवंतराव तर खूशच झाले. सकाळ उजाडायच्या आत ते मेहुण्याकडे ठाण्याला गेले, किल्लीसकट.

दुपारी कमल परत आली ती माझ्या दारापुढेच बापावर ओरडली. “चालू कुठून करायचा तेसुद्धा मला कळलं नाही! हसले सगळे. एवढी वर्षं साच्याची पूजा केलीत ना, बाबा? राहिला का साचा? भंगारात काढला त्यांनी!”

कुशाबानं माझं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि तो खाली मान घालून निघून गेला.

कमलला त्याच दुकानात काम मिळालं, कपड्यांच्या घड्या घालायचं. ती दिवसभर उभी असते. बसून बिलं दुसरीच कुणी करते.

आता चाळ पाडायला काढली आहे. काल भंगारवाल्यानं माझ्यावरची धूळ फुंकली. “अरे शेठ, हा तर एकदम नवा हाय! कुणी वापरला नाय काय?”

“आम्ही जपलाय हो,” जयवंतराव छाती काढून म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला हार घालू नका. किल्ली मागा. नाही दिली तर भांडा. आज मी हातगाडीवर आहे. माझ्या माथ्यावर कुंकू आहे आणि माझ्या बटणांवरचं एकही अक्षर पुसट झालेलं नाही. त्या कोऱ्या करकरीत अक्षरांची मला फार लाज वाटते.